आबांचे डोळे

दुपारी सव्वातीनच्या सुमारास आमच्या दारात एक पांढरी जीप येऊन थांबली. अंगणात तिरडी बांधायचं काम चाललं होतं. मी ओट्याच्या कडेला बसून ते नुसतं बघत होतो. जीपमधून पांढरा कोट घातलेल्या एक बाई उतरल्या, आणि त्यांच्यामागोमाग निळी पेटी घेऊन एक माणूस.

"केरबा लोहारांचं घर हेच ना?"

"हेच," मी उठून म्हणालो. "पण ते आता... सकाळीच गेले ते."

"हो. म्हणूनच आलोय. मी डॉक्टर मगदूम. कोल्हापुराहून आलो आम्ही, नेत्रपेढीतून. हौसाबाईंचा फोन आला होता."

हौसाबाई म्हणजे माझी आई. साधा शेजारच्या गावातला फोन आला तरी रिसीव्हर माझ्या बायकोच्या हातात देऊन बाजूला सरकणारी बाई. नवरा जाऊन चार तास झाले नव्हते, आणि तिनं कोल्हापूरला फोन केला होता? कुणाला न सांगता? माझा विश्वासच बसेना.

त्या दिवशी सकाळपासून कशावरच विश्वास बसत नव्हता म्हणा. साडेअकराला मी नववीच्या वर्गावर होतो. शाळेचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "सर, दुकानाकडं चला. आबा पडल्यात." मी तास तसाच टाकून पळत सुटलो. मार्केट यार्डाच्या रस्त्याला आबांचं सायकलचं दुकान. एक्केचाळीस वर्षं त्याच जागी. मी पोचलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसल्यासारखे दिसत होते. मांडीवर चाक होतं, शेजारी आई बसली होती. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढता काढता मान खाली गेली आणि सगळं संपलं. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. माणूस सकाळी सात वाजता भाकरी खाऊन घरातून निघाला होता. जाताना माझ्या मुलीला म्हणाला होता, "दप्तर घे, उशीर हुईल."

घरी आणल्यावर आईनं रडारड केली नाही. तिनं आबांच्या डोक्याखाली दोन उशा दिल्या, डोळे हातानं मिटले आणि पाण्यात भिजवलेला कापूस पिळून दोन्ही पापण्यांवर ठेवला. मग उठून पंखा बंद केला. मार्चअखेरचं ऊन, घरात माणसं मावेनात. कुणीतरी पंखा लावला की आई उठायची आणि बंद करायची. दोनतीनदा असं झालं. दर थोड्या वेळानं ती कापूस पुन्हा भिजवत होती. माझी बायको शैला मला हळूच म्हणाली, "आईंच्या डोक्यावर परिणाम झालाय का हो?" मलाही तसंच वाटलं होतं.

आता दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, आणि आई आतून बाहेर आली. पदर डोक्यावर, चेहरा कोरडा.

"आलासा? बरं झालं," ती म्हणाली. "पंखा लावू दिला न्हाई मी. कापूस बी ओला ठेवलाय."

"छान केलंत, आजी," डॉक्टर म्हणाल्या. "सहा तासांच्या आत करायला हवं. अजून वेळ आहे. सह्या करून घेऊ."

तोवर माझे चुलते, निवृत्तीतात्या, तिरडीचा दोर टाकून उठले. आबांपेक्षा सात वर्षांनी लहान. आबांनीच त्यांना वाढवलं, सायकल शिकवली, त्यांचं लग्न लावून दिलं. सकाळपासून रडून त्यांचे डोळे सुजले होते.

"कसल्या सह्या?" ते म्हणाले. "काय चाललंय काय हे?"

"नेत्रदान करायचंय, भावजी," आई म्हणाली.

"डोळं काढून घ्यायचं? आणि तसंच वाटंला लावायचं माझ्या भावाला?" तात्यांचा आवाज चढला. "वैनी, शुद्धीवर हाईसा का? जल्मभर राबला माणूस. जाताना तरी धड जाऊ दे. डोळं न्हाई तर पुढच्या जल्माला आंधळा यील त्यो!"

मी तात्यांना आवरायला पुढे झालो. खरं सांगायचं तर माझं मनही तात्यांच्याच बाजूला होतं. मी विज्ञानाचा शिक्षक. दरवर्षी मुलांना डोळ्याची आकृती काढून देणारा, नेत्रदानाचं महत्त्व फळ्यावर लिहिणारा. पण स्वतःचा बाप समोर पडलेला असताना मला ती निळी पेटी बघवत नव्हती. मी आईला म्हणणार होतो, राहू दे, नको हे.

आई तात्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"पुढच्या जल्माचं पुढं बघू, भावजी," ती म्हणाली. "ह्या जल्मात तरी कुठं दिसत हुतं त्यास्नी?"

कुणाला काही कळलं नाही. मला वाटलं, शैला म्हणत होती ते खरंच.

"आई, काय बोलतेस तू?"

"खरं त्येच बोलतोय. उजव्या डोळ्यानं तीन वर्सं झाली, काय बी दिसत न्हवतं. डावा अजून थोडा हुता. नळीतनं बघावं तेवढं. त्यो बी दिवाळीपासनं गेला."

मी डॉक्टरांकडं बघितलं. कुणीतरी हे खोटं आहे असं म्हणावं म्हणून बघितलं. बाईंनी मान खाली घातली आणि पिशवीतून एक जाडजूड केसपेपर काढला. वर आबांचं नाव, वय, गाव.

"सहा वर्षं आमच्याकडे येत होते," त्या म्हणाल्या. "काचबिंदू. पहिल्यांदा आले तेव्हाच नस बरीच सुकली होती. दुखत नाही, लाल होत नाही, कडेनं नजर जात राहते आणि माणसाला कळत नाही. मी त्यांना घरी सांगायला सांगत होते. तुम्हाला... माहीत नव्हतं?"

"पण मग डोळे कशाला घेताय?" माझ्या तोंडून तेवढंच निघालं. "आंधळ्याचे डोळे?"

"नस गेलीय ती मागची. पुढची काच त्यांची स्वच्छ आहे. दुसऱ्याला बसवली तर तो बघू शकेल. हे त्यांनाच मी सांगितलं होतं, दोन वर्षांपूर्वी. त्याच दिवशी त्यांनी फॉर्म भरला."

तात्या मटकन ओट्यावर बसले. आईनं जिथं सांगितलं तिथं सही केली. साक्षीदार म्हणून दोन माणसं हवी होती. मी एक सही केली. दुसरी कोण करणार असं डॉक्टर विचारत असताना तात्यांनी हात पुढे केला. पेन घेऊन त्यांनी सही केली.

डॉक्टर आणि त्यांचा माणूस आत गेले, दार लोटलं गेलं. वीस मिनिटं लागतील म्हणाले. मी आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. ती माठाशेजारी खाली बसली. मी तिच्यासमोर बसलो.

"दर महिन्याला आदमापूरला जात होता तुम्ही दोघं," मी म्हणालो. "बाळूमामाच्या दर्शनाला."

"एकदाच गेलो आदमापूरला. बाकी सगळ्या टायमाला कोल्हापूर. दवाखाना."

"आणि दुकान? दुकान कसं चालवत होते ते?"

"हातानं," आई म्हणाली. "चाळीस वर्सं केलेलं काम. तारा बोटानं वाजवून बघायचं, कुठली ढिली ती आवाजावर कळायची. पंक्चर गालाजवळ धरून हुडकायचं. पान्हं कुठं हाईत ते मी तसंच्या तसं ठेवत हुतो. म्हणून तर जात हुतो मी दुकानात."

घरात सुनेशी पटत नाही म्हणून आई दिवसभर दुकानात जाऊन बसते, असं मी चार लोकांना सांगितलं होतं. शैलालाही बोललो होतो त्यावरून.

आबांचं आणि आईचं तसं काही चारचौघांत दिसणारं प्रेम नव्हतं. पण एकदा आईचा उजवा हात मोडला, प्लॅस्टरमध्ये होता, तेव्हा दोन महिने आबांनी पहाटे उठून भाकऱ्या थापल्या. आजूबाजूच्या बायका हसायच्या. आबा म्हणायचे, "चाक गोल करतोय तर भाकरी गोल करायला काय हुतंय?" मग दुकान. दुपारी जेवायला घरी येणं नाही, कुठं गावाला जाणं नाही. माझं शिक्षण, बी.एड., बहिणीचं लग्न, सगळं त्या काळ्या पडलेल्या हातांतून झालं. मला कळायला लागल्यापासून मी त्यांना आजारी म्हणून झोपलेलं बघितलं नव्हतं.

"मला का सांगितलं नाही?" मी विचारलं.

आईनं माठावरचं झाकण सारखं केलं.

"पयल्यांदा म्हणाले, सर्जा दुकान बंद करायला लावील. घरात बसवून ठेवील. त्यापरीस मेलेलं बरं. तवा मी बी गप्प बसलो. मग उजवा डोळा गेला तवा म्हणाले, आता सांगूया. त्या दिवशी सांगायचंच म्हणून दुकान लवकर बंद करून आलो आम्ही."

"कुठल्या दिवशी?"

"तुझं हेडमास्तर आलंते च्या प्यायला."

अंगावर उकळतं पाणी पडावं तसं झालं मला. तो दिवस मला आठवत होता, चांगला आठवत होता. नवे मुख्याध्यापक पहिल्यांदाच घरी आले होते. शैलानं नवीन कपबश्यांचा ट्रे खाली चटईवर ठेवला होता. आबा दारातून आत आले आणि सरळ ट्रेमध्ये पाय घातला. चहा मुख्याध्यापकांच्या पँटवर उडाला, कप फुटले. आणि मी, सगळ्यांसमोर, आबांवर ओरडलो होतो.

"डोळे फुटलेत काय तुमचे?"

आबा तेव्हा हसले होते. "म्हातारपण रे," म्हणाले, आणि खाली बसून कपांचे तुकडे हातानं चाचपत गोळा करू लागले. त्यांचं बोट कापलं. शैला पळत फडकं घेऊन आली. मी मुख्याध्यापकांची माफी मागत होतो.

"त्यानंतर न्हाईच म्हणाले," आई म्हणाली. "त्येला कामं हाईत, त्येच्या डोक्याला ताप नगं."

मी उठून मागच्या दारानं परसात आलो.

परसात माझी मुलगी ऋतुजा पेरूच्या झाडाखाली बसली होती. नऊ वर्षांची. तिला कुणी जवळ घ्यावं हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. रोज सकाळी आबा तिला सायकलवरून शाळेत सोडायचे आणि मग दुकानात जायचे. म्हणजे ती सायकलवर बसायची आणि आबा सायकल हातात धरून चालत जायचे. गुडघे दुखतात, पायडल मारवत नाही, असं आम्हाला सांगितलं होतं. मी तिच्याजवळ बसलो.

"पप्पा," ती म्हणाली, "त्या बाई आबांचे डोळे नेणार?"

"हो."

"पण आबांना दिसत नाही."

मी वळून तिच्याकडं बघितलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला माहीत होतं. आमची खूण होती ना." ती अगदी साध्या आवाजात सांगत होती. "घंटी एकदा वाजवली की डावीकडं. दोनदा वाजवली की उजवीकडं. खड्डा आला की तीनदा. आणि सारखी वाजवत राहिलं की थांबायचं. मी कधीच चुकवलं नाही. एकदाच म्हैस आली होती, तर मी ओरडले. आबा म्हणाले, ओरडायचं नाही, लोक बघतात. घंटी वाजवायची."

"आणि शाळेतून पुढं? तुला सोडल्यावर?"

"तिथं आज्जी थांबायची. गेटजवळ."

म्हणजे आमच्या घरात पाच माणसं. त्यातल्या नऊ वर्षांच्या पोरीला ठाऊक होतं. चौथी शिकलेल्या आईला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते विज्ञानाच्या मास्तराला. मी त्यांच्यासमोर रोज जेवायला बसत होतो. माझ्या ताटाकडं बघून ते विचारायचे, "सर्जा, अजून आमटी घेतोस?" आणि मी त्यांच्याकडं न बघता म्हणायचो, "नको."

ऋतुजाला छातीशी धरून मी तिथंच बसलो. ती रडली नाही, मीच रडलो.

आतून हाक आली तेव्हा काम झालं होतं. आबा जसे होते तसेच दिसत होते, पापण्या मिटलेल्या, झोपल्यासारखे. तात्यांनी जवळ जाऊन बघितलं, त्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि बाजूला झाले. डॉक्टर मगदूम हात धुऊन बाहेर आल्या. आईला हात जोडले. मग माझ्याकडं वळल्या.

"तुम्ही सर्जेराव ना?"

"हो."

"तुमचं नाव मला पाठ झालंय. तीन वेळा त्यांनी तुमच्या नावानं नंबर लावला होता आमच्याकडे. मुलगा येणार आहे तपासायला, म्हणायचे. हा आजार घराण्यातून येतो, मुलांना तपासून घ्या, असं मीच त्यांना सांगितलं होतं. तुम्ही काही आला नाहीत."

मला आठवलं. जेवताना, कधी अंगणात खाट टाकताना, आबा म्हणायचे, "एकदा डोळं दाखवून घे की रं. वय झालं तुझं चाळीस." आणि मी म्हणायचो, मला चष्मासुद्धा नाही आबा, तुमचं काहीतरीच.

"दिवस झाले की या," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांच्यासाठी तरी या."

जीप गेली. पाच वाजता आम्ही आबांना नेलं. मी पुढं मडकं घेऊन चालत होतो. गावातली किती माणसं आली होती ते मी मोजलं नाही, पण मागं वळून बघितलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक सायकली हातात धरून चालत होते. कुणीही सायकलवर बसलेलं नव्हतं.

तेरावं झालं आणि तिसऱ्या दिवशी मी कोल्हापूरची एस.टी. पकडली. आई म्हणाली, मी बी येतो. मी नको म्हणालो तरी आली. दवाखान्यात तिला सगळं माहीत होतं: केसपेपरची खिडकी कुठली, पिण्याचं पाणी कुठं, कुठल्या बाकावर वारा लागतो. शिपाई तिला बघून उठला. "आजोबा?" त्यानं विचारलं. आईनं नुसती मान हलवली.

मला आत नेलं. डोळ्यांचा दाब बघितला. मग एका अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रापुढं हनुवटी टेकवून बसवलं. मधल्या ठिपक्याकडं बघत राहायचं, कडेला कुठंही उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. सोपं होतं. मी बटण दाबत राहिलो. सगळं दिसतंय असंच मला वाटत होतं.

डॉक्टर मगदूमांनी कागद समोर ठेवला. नाकाच्या बाजूला वर एक काळा डाग होता, करंगळीच्या नखाएवढा.

"इथं आम्ही बारा वेळा उजेड दाखवला," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकदाही बटण दाबलं नाहीत."

"पण मला तर..."

"कळत नाही ते. त्यांनाही कळलं नव्हतं. फरक एवढाच की तुम्ही वेळेत आलात. गेलं ते परत यायचं नाही. पण आहे ते राखता येईल. रोज थेंब घालायचे, जन्मभर. एक दिवसही चुकवायचा नाही."

याला आता एकवीस वर्षं झाली. मी निवृत्त झालो. तो डाग तेव्हा होता त्याहून थोडाच मोठा झालाय, आणि हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघत लिहितोय. आबांच्या काचा कुणाला बसवल्या ते दवाखाना सांगत नाही. दोघांना बसवल्या एवढंच पत्र आलं. एक बाई होती, एक कॉलेजचा मुलगा.

पण त्या दिवशी मी औषधाची बाटली घेऊन बाहेर आलो. आई बाकावर बसली होती. मला बघून उठली.

"काय म्हणाल्या बाई?"

काही नाही, सगळं चांगलं आहे. शब्द अगदी ओठांवर आले होते. तिनं सहा वर्षं हेच सोसलं, आता पुन्हा कशाला? नंतर सांगू सावकाश. शैलालाही एवढ्यात नको. मी खिशातली बाटली मुठीत घट्ट धरली. आणि मला एकदम कळलं की आबाही असेच कधीतरी याच दारातून बाहेर आले असतील, आणि त्यांच्याही ओठांवर हेच शब्द आले असतील.

"आई," मी म्हणालो, "मलाही आहे."

तिचा हात बाकाच्या पाठीवर गेला. मला वाटलं, ती खाली बसेल. ती बसली नाही.

"किती?"

"सुरुवात आहे. रोज थेंब घालायचे. घरी गेल्यावर शैलाला सांगतो. ऋतुजालापण."

"सांग," आई म्हणाली. "औषध कुठलं दिलंय बघू."

मी बाटली दिली. तिनं ती उजेडाकडं धरून लेबलाचा रंग बघितला, हलवली, झाकण उघडलं.

"बस हितं," ती म्हणाली.

"आई, इथं नको. घरी गेल्यावर घालतो मी."

"तुला जमायचं न्हाई. ल्हानपणी डोळं आलं तवा चौघांनी धरायला लागायचं तुला. बस म्हणतोय न्हवं."

मी बसलो. समोरून माणसं जात होती, कंपाउंडरनं कुणाचं तरी नाव पुकारलं. आईनं माझी हनुवटी धरली, डोकं मागं कलतं केलं आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढली. तिचा हात जराही कापत नव्हता.

"वर बघ," ती म्हणाली. "मिटू नगंस."